उलटं बदक

कोचाबांबा,
६ फेब्रुवारी

प्रिय बेनीताई,

तुझा फोन काही लागत नाही. पेटीत कुलूप घालून ठेवतेस की मक्याच्या दारूच्या, तुझ्या त्या चिचाच्या रांजणात बुडवलास, देव जाणे! शेवटी आपला जुना मार्गच बरा, म्हणून हे पत्र हिलारियोनच्या बसमधून पाठवतेय. सोबत तुझ्या डेलियासाठी चॉकलेटचा पुडा आहे. हिलारियोनला वाटेत भूक लागली नाही तर पोचेल.

ताई, एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. इतकी वर्षं मी आरोग्य ऑफिसात नुसते कागद इकडचे तिकडे केले. पण आता डॉक्टर उर्किदींनी माझी एक कल्पना उचलून धरलीय. कल्पना विंचुकेची. हो, तीच आपली, ढेकणाच्या जातीची, मातीच्या भिंतीच्या भेगेत बसणारी आणि आपण झोपलो की रक्त प्यायला उतरणारी. ती चावते तिथेच घाण करते, आपण खाजवतो, आणि त्या घाणीतून चागासचा रोग अंगात शिरतो. मग वीस-वीस वर्षं गप्प बसतो आणि एक दिवस काळजालाच हात घालतो.

आमचे फवारणीवाले गावोगाव विचारत फिरतात, "घरात विंचुका आहेत का?" अख्खं गाव म्हणतं, "छे हो, आमच्यात कुठल्या! शेजारी विचारा." शेजारी म्हणतो, पलीकडे विचारा. मी म्हटलं, माणूस माणसाला लाजतो, फोनला कशाला लाजेल? विंचुका दिसली की फोटो काढायचा, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर टाकायचा आणि 'मी इथे आहे' ही खूण दाबायची. नाव सांगायचं नाही, काही नाही. आमच्या नकाशावर तिथे लाल टिपका उमटतो, आणि तो नकाशा फेसबुकवर कुणालाही बघता येतो. आहे की नाही गंमत? मी तर सकाळी तोंड धुवायच्या आधी नकाशा बघते.

तर तू एवढं कर. सोबतचा कागद तुझ्या चिचाच्या अंगणात चिकटव. तुझं पांढरं निशाण काठीवर चढलं की सगळं मोलेपांपा तुझ्याकडे प्यायला जमतं, पाद्रीबाबांच्या प्रवचनालाही इतकी माणसं नसतात.

तुझी,
साबिना

*

मोलेपांपा,
२७ फेब्रुवारी

साबिना पोरी,

चॉकलेट पोचलं. पुडा एका कोपऱ्यात फाटलेला होता आणि हिलारियोनच्या मिशीला काहीतरी तपकिरी लागलं होतं. पण असो, पत्र तरी त्याने खाल्लं नाही.

तुझा कागद मोठ्या रांजणाच्या वर लावलाय. म्हाताऱ्या कासियानोने तो मोठमोठ्याने वाचला, नंबरसुद्धा जपमाळ ओढल्यासारखा एकेक आकडा करून. आधी सगळे हसले. "विंचुका अंगावर पडली की घरात पैसा येतो, तो सरकारला का दाखवायचा?" असं म्हणे! पण नंतर कुणाला काय चेव आला, विचारू नकोस. नेमेसियाच्या दुकानातल्या काड्यापेट्या संपल्या. ज्याच्या त्याच्या खिशात काड्यापेटी, आणि काड्यापेटीत विंचुका. पोरीबाळी एकमेकींना दाखवतात, माझी मोठी की तुझी. तुझ्या फोनला त्यातला नर कुठला आणि मादी कुठली ते कळतं का? इथे त्यावरून पैज लागलीय, म्हणून विचारते.

आमच्या घरात मात्र एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते. कार्निव्हलच्या आधी सगळ्या भिंतींना चुना काढलाय. विंचुका आळशाच्या घरी. आणि चिचा विकणाऱ्या बाईच्या घरात किडे आहेत म्हटलं तर कोण तिचा ग्लास तोंडाला लावेल, सांग?

आता खरी बातमी. डेलियाला दिवस गेलेत! गेल्या मे महिन्यात क्रूसाच्या जत्रेला तिने टेकडीवरच्या क्रूसाच्या, आपल्या ताताल्याच्या पायाशी मूल मागून चिंधीची बाहुली ठेवली होती, आठवतंय? ऐकलं बघ त्याने. जावई ऊसतोडीला सांताक्रूसला गेलाय, म्हणून बाळंत होईपर्यंत पोर माझ्याकडेच. ऑगस्टच्या शेवटी होईल असं सुईण म्हणते. माझा फेर्मिन असता तर आजोबा होणार म्हणून नाचला असता गं. पण त्याचं तर नांगर हातात असताना उभ्याउभ्याच सगळं संपलं. जाऊ दे, चांगल्या बातमीत पाणी नको.

सोबत चीज आहे. हिलारियोनला मोजून दिलंय.

बेनीताई

*

कोचाबांबा,
९ एप्रिल

प्रिय ताई,

मी मावशी-आजी होणार! ऑफिसात सगळ्यांना एम्पानादा वाटल्या.

आणि आता तुला एक कोडं घालते, कारण मला ते सुटत नाहीये. तुमच्या गावाहून फोटोंचा नुसता पाऊस पडतोय. दुसऱ्या कुठल्याच गावाने इतके पाठवले नाहीत. (नर-मादी फोनला नाही कळत, पण आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीला कळतं. पाठव पैजेचा अर्धा हिस्सा.) पण ताई, सगळेच्या सगळे टिपके एकाच जागी आहेत. घरांवर एकसुद्धा नाही. सगळे टेकडीवर, क्रूसापाशी! फोटोंतही तेच, खाली क्रूसाचा करडा दगड आणि त्यावर विंचुका.

मी नकाशा उलटा करून पाहिला, मोठा करून पाहिला. डॉक्टर उर्किदी तर खुर्चीतून उठलेच. त्यांचं म्हणणं, रानटी विंचुका दगडाच्या कपारीत राहतात, ती जात वेगळी. तुमच्या क्रूसाखाली त्यांचं मोठं वारूळच असणार. म्हणजे तुमची घरं स्वच्छ आणि देवाच्या घरात किडे! ते यावर लेख लिहिणार आहेत. जत्रेला माणसं तिथे अंथरूण टाकून झोपतात, म्हणून त्याआधीच फवारणीवाले पाठवतोय.

तुला काय वाटतं? रात्री तिथे कुणाला काही चावल्याचं ऐकलंयस का? मला सगळं सविस्तर कळव.

साबिना

*

मोलेपांपा,
५ मे

साबिना,

तुझ्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग आणि त्याला म्हणावं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

जत्रेच्या आदल्या दिवशी तुमचे चार जण आले. तोंडाला मुखवटे, पाठीवर टाक्या. गावात कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ टेकडी चढले आणि आपल्या ताताल्याला पायापासून डोक्यापर्यंत फवारून काढलं. त्याच्या रेशमी फिती, कागदी फुलं, बायकांनी ठेवलेल्या बाहुल्या, काहीच सोडलं नाही. कासियानो काठी घेऊन धावला तर त्यालाही थोडं लागलं. आता तो म्हणतो, माझ्या अंगावर पिसू राहिली नाही.

सकाळी जत्रा. मिरवणूक वर पोचते तोच सगळे शिंकायला लागले. पाद्रीबाबा एका ओळीत तीनदा शिंकले. दरवर्षी लोक क्रूसाला ओठ लावतात, यंदा लांबूनच हात हलवला. आणि शेजारच्या लोमालार्गाची माणसं! ती मेली फेसबुकवर आपला नकाशा बघून आलीच होती. म्हणतात कसे, "काय हो, तुमच्या देवाला उवा झाल्या म्हणे?" माझ्याच अंगणात, माझीच चिचा पिऊन! मी त्यांचे ग्लास अर्धेच भरले.

अगं बये, फोन लागतो तो फक्त तिथेच! गावात कुठेही त्याला जीव नसतो. टेकडी चढायची, क्रूसाच्या ओट्यावर उभं राहायचं आणि हात वर करायचा, तेव्हा कुठे सिग्नलची एक रेघ येते. तू फोन करतेस तेव्हा मी खाली चुलीपाशी असते, कसा लागेल? म्हणून लोक विंचुकेला काड्यापेटीत घालून वर नेतात, दगडावर ठेवतात, फोटो काढतात आणि पाठवतात. शिवाय ते बरंच झालं ना? घरात फोटो काढला तर घर दिसेल. दगड काय, सगळ्या गावाचा.

मला वाटलं तुला ठाऊक आहे. वीस वर्षांत गाव इतकं विसरलीस?

डेलिया बरी आहे. जत्रेला वर आली नाही, धाप लागते म्हणते. पहिलटकरीण आहे, चालायचंच.

बेनीताई

*

कोचाबांबा,
२१ मे

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग डॉक्टरांना वाचून दाखवलं तेव्हा कुणीच हसलं नाही. लेख फाडून टाकला त्यांनी. मला म्हणाले, "सेन्योरा साबिना, तुमचा नकाशा विंचुका कुठे आहेत ते दाखवत नाही, फोन कुठे लागतो ते दाखवतो." तोंडात मारल्यासारखं झालं. पण खरं सांगू, वाक्य चांगलं आहे. मी ते भिंतीवर लावलंय.

गावाची माझ्या वतीने माफी माग. ताताल्याच्या नव्या फितींचा खर्च मी देते.

पण मी हार मानणार नाहीये. उलट मला आता जास्तच उत्सुकता लागलीय. काड्यापेट्यांतल्या त्या विंचुका खोट्या नव्हत्या ना! त्या कुठून तरी टेकडीवर आल्या. म्हणून आता असं करायचं: फोटो घरातच काढायचा, जिथे सापडली तिथे. खाटेवर असेल तर खाटेवर, चुलीपाशी खायला पाळलेल्या गिनीपिगांच्या कोपऱ्यात असेल तर तिथे. फोटो फोनमध्ये राहतोच, पाठवायचा नंतर टेकडीवरून. जागेची खूण दाबूच नका, ती मी काढून टाकलीय. घरं लपू देत. मला फक्त एवढं बघायचंय की त्या झोपायच्या जागेजवळ किती आहेत. तसं निघालं तर थंडी संपली की सगळ्या गावाला फवारणी मिळेल. अट एकच, दारं उघडायला हवीत. जे घर 'आमच्यात नाहीत' म्हणेल ते आम्हाला सोडून द्यावं लागतं.

आणि डेलियाची धाप? पहिलटकरणीला धाप लागते हे खरं. तरी एकदा डॉक्टरला दाखव, माझ्या समाधानासाठी.

साबिना

*

मोलेपांपा,
२८ जून

साबिना पोरी,

सान हुआनच्या सणाची शेकोटी झाली, आता थंडी हाडात शिरलीय. फितींचे पैसे पोचले. नेमेसियाने जांभळ्या रंगाच्या आणल्या, ताताला आता एखाद्या नवरीसारखा दिसतो. गावाने तुला माफ केलं, कासियानो सोडून. त्याच्या पिसवा परत आल्यात, त्याचंही खापर तो तुझ्यावरच फोडतो.

फोटो पाठवतात गं लोक. पण घरातली भिंत दिसू नये म्हणून काय काय करतात! खाली कापड अंथरतात, कुणी टोपी ठेवतं, कुणी टोपली पालथी घालतं. अंगणात बसून सगळ्यांचं बोलणं मी ऐकते. लोक म्हणतात, "आमच्या नाहीत हो, पाहुण्याच्या गाठोड्यातून आली." रोज इतके पाहुणे मोलेपांपात येत असते तर मी श्रीमंत झाले असते.

आमच्याकडे नाहीत, सांगितलंच आहे. फवारणीवाले आले तर त्यांना आमच्या घरी तसदी घ्यायला नको. चिचाच्या रांजणांवर ते औषध पडलं तर वर्षाची कमाई ओतून द्यावी लागेल.

डेलियाला डॉक्टरकडे काय न्यायचं, धडधाकट आहे. थंडी फार, म्हणून तिची खाट मी स्वयंपाकघरात हलवलीय, चुलीजवळ, गिनीपिगांच्या बाजूला. ऊब असते तिथे. रात्री जागी असते कधीकधी, फोनशी काहीतरी करत बसते. नवऱ्याचे फोटो बघत असेल.

बेनीताई

*

कोचाबांबा,
९ जुलै

प्रिय ताई,

हे पत्र एकटीने वाच. हिलारियोनला मी शपथ घालून पाठवलंय.

आता मला रोज फोटो येतात आणि तू म्हणतेस तसंच, कापडं, टोप्या, टोपल्या. मला ती कापडं बघायला फार आवडायचं. प्रत्येक घरचं विणकाम वेगळं, आणि मी ओळखायला जात नव्हते, कारण ते ओळखायचं नाही असंच ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात एक फोटो आला. लाल कापड, काळे पट्टे, पट्ट्यात पांढऱ्या बदकांची रांग. सगळी बदकं उजवीकडे चाललीत. एकच डावीकडे बघतंय. आणि विंचुका बरोबर त्या एकट्या बदकाच्या चोचीशी बसलीय.

ताई, ते अवायो मी विणलंय. मी पंधरा वर्षांची होते, तुझ्या लग्नाला चारच दिवस उरले होते आणि घाईत एक बदक उलटं विणलं गेलं. आई उसवायला सांगत होती, तू म्हणालीस, "राहू दे, सगळ्यांतून मला माझं ओळखता येईल." त्याच अवायोत तू डेलियाला पाठीवर बांधून फिरलीस.

मला रागवायचं नाहीये. मला भीती वाटतेय, म्हणून लिहितेय. विंचुका गिनीपिगांच्या जवळ फार असतात आणि डेलिया तिथेच निजते. पण खरी भीती आजची नाही, आधीची आहे. ती त्याच घरात लहानाची मोठी झाली. रोग तिच्या रक्तात कित्येक वर्षांपूर्वीच शिरला असेल तर तो पोटातल्या बाळाकडे जाऊ शकतो. दर वेळी जातो असं नाही, पण जातो. आणि आता नीट वाच, हे मी दोनदा लिहिते: जन्मल्या जन्मल्या कळलं तर बाळ बरं होतं. दोन महिने औषध द्यायचं, जवळजवळ प्रत्येक बाळ बरं होतं. नाही कळलं तर ते मोठं होतं, हसतं, खेळतं, नांगर धरतं, आणि एक दिवस

पुढचं लिहवत नाही. तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिला घेऊन ये. रक्त तपासायचं आहे फक्त.

तुझी साबी

*

मोलेपांपा,
१५ जुलै

साबिना,

मी कुठलाही फोटो पाठवलेला नाही. माझ्या घरात डोकावायला तुला कुणी सांगितलं? नाव नको, गाव नको म्हणालीस आणि आता कापडाच्या दोऱ्यावरून माणसं धरतेस? म्हणजे तुझा फोन चहाडखोरच निघाला. ते अवायो माझ्या पेटीत आहे. कुणीतरी चोरून फोटो काढला असेल. नेमेसियाच असेल, तिला माझं अंगण डोळ्यांत खुपतं.

आणि मेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस.

बेनिग्ना

*

मोलेपांपा,
१७ जुलै

साबी,

परवाचं पत्र फाडून टाक.

पेटी उघडली. अवायो त्यात नव्हतं, डेलियाच्या उशाखाली होतं. मी तिला विचारलं, हे कोणी केलं? ती म्हणाली, मी. सात महिन्यांचं पोट घेऊन, धापा टाकत एकटी टेकडी चढली होती पोरगी. मी म्हटलं, घराची अब्रू वेशीवर टांगलीस! तर म्हणते, "आई, मी तुला कितीदा सांगितलं, भिंतीतून उतरतात. तू म्हणालीस, बोलू नकोस, गिऱ्हाईक जाईल. मग मी ज्यांना कळेल त्यांना सांगितलं. साबीमावशी ते बदक ओळखेल हे मला माहीत होतं. म्हणून तर विंचुका बरोबर तिथेच ठेवली."

ऐकलंस? तुला वाटलं विंचुका तिथे आपोआप बसली.

मी खूप रडले. चुना लावला तेव्हा भेगेतून त्या मी स्वतः झाडल्या होत्या गं, आणि तुला लिहिलं एकही नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

कुठे यायचं ते सांग. आणि उपाशी यायचं की खाऊन?

बेनी

*

कोचाबांबा,
१९ जुलै

ताई, खाऊनच या. सोमवारच्या बसने. मी स्टँडवर उभी असेन. तुझंही रक्त तपासू. जाड स्वेटर आणा.

त्या पोरीला सांग, तिचा निरोप पोचला. मी गाढव, मला कळायला आठवडा लागला.

साबी

*

मोलेपांपा,
२० ऑगस्ट

साबी पोरी,

डेलियाला तुझ्याकडे ठेवून आले तेव्हापासून घर खायला उठतं. तुझ्या पाचव्या मजल्यावर तिला चढायला लावू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवून मला सांगितलं, "तुझ्या रक्तातही आहे आणि तुझ्या मुलीच्याही." तेव्हा मला पहिला विचार आमच्या दोघींचा आलाच नाही. फेर्मिनचा आला. पाय सुजायचे त्याचे, रात्री उठून बसायचा. मी त्याला आळशी म्हणायचे गं. लोक म्हणाले, देवाने अलगद उचललं, आणि मीही तेच धरून बसले होते. देवाने नाही उचललं, भिंतीतल्या किड्याने नेलं. त्याच भिंतीला मी दरवर्षी चुना लावत आले.

आता काय केलं ते ऐक. परतल्यावर चिचा तयार होती, निशाण चढवलं, अंगण भरलं. मी फोन कासियानोच्या हातात दिला आणि म्हटलं, धर असा, हलवू नकोस. मग स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्यांदेखत बोलले, "मी बेनिग्ना ओर्तुन्यो. ही माझी चूल. ही माझ्या मुलीची खाट. आणि ही विंचुका, माझ्याच भिंतीतली, पाहुण्याची नाही. माझा नवरा हिच्यामुळे गेला. मला आणि मुलीला रोग आहे. फवारणीवाले आले की माझं दार आधी उघडेल." मग टेकडी चढून ते पाठवलं, तुला आणि फेसबुकवरही. कासियानोच्या अंगठ्यामुळे अर्धं चित्र काळं आहे, पण आवाज स्वच्छ आहे.

दुसऱ्या दिवशी निशाण चढलं, पण कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भरल्या रांजणापाशी एकटी बसले होते, चिचा आंबट होत चालली होती. मनात म्हटलं, झाली हौस? एवढ्यात नेमेसिया आली. बाकावर बसली, खिशातून काड्यापेटी काढून समोर ठेवली. म्हणाली, "माझ्याकडे रोज निघतात. एक ग्लास दे, आणि तो फोन इकडे कर, मलाही बोलायचंय." तिच्यावर मी चोरीचा आळ घेतला होता, लाज वाटली मला. ग्लास काठोकाठ भरला.

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी बोलतंय. लोमालार्गाच्या दोन बायकांनीही त्यांचं पाठवलं म्हणे. उवांचं आता कुणी बोलत नाही.

बाळाचं कळव. मी यायला निघाले असते, पण तुमचे फवारणीवाले नेमके त्याच आठवड्यात येतायत आणि दार मीच उघडायला हवं.

बेनी

*

कोचाबांबा,
३ सप्टेंबर

ताई,

मुलगी झाली! काल सकाळी. केस भरपूर, आवाज तुझा. डेलिया छान आहे, जावई सांताक्रूसहून पोचला, रडतोय आणि केळी खातोय.

आता दुसरं. लपवणार नाही, आपलं ठरलंय तसं. बाळाच्या टाचेतलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मीही डोळा लावून बघितलं, मला बघायचंच होतं. काचेवर काहीतरी वळवळत होतं, इवलंसं. तिच्यात आलाय रोग.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टर उर्किदी आले. रडणाऱ्या बाईशी कसं बोलायचं ते त्यांना जमत नाही, म्हणून त्यांनी नुसता आकडा सांगितला, शंभरातली किती बाळं बरी होतात तो. फार मोठा आकडा आहे, ताई. औषध आजपासून सुरू. गोळी कुटून दुधात, दोन महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. मग महिन्या-महिन्यांनी तपासत राहायचं. डेलियाचं औषध ती दूध पाजायची थांबली की. तुझंही बघू म्हणाले.

घाबरू नकोस असं म्हणणार नाही, मीही घाबरलेय. पण ती सापडली आहे, ताई. वेळेवर सापडली आहे.

साबी

*

मोलेपांपा,
४ मे

साबी,

काल जत्रा झाली. या वेळी कुणी शिंकलं नाही.

डेलिया बाळाला घेऊन टेकडी चढली, धापा टाकत, थांबत थांबत. तिच्या काळजाचं डॉक्टर बघतायत, आता लपवायचं काही नाही. वर पोचतो तोच फोन वाजला. तुझाच फोन! ओट्यावर सगळं गाव उभं, पाद्रीबाबा पाणी शिंपडतायत, आणि मी एका कानात बोट घालून ओरडतेय, "काय? परत सांग!" तू म्हणालीस, शेवटच्या तपासणीत काही सापडलं नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? तू म्हणालीस, "म्हणजे गेला, ताई. तिच्या रक्तातून गेला." मग रेघ गेली आणि फोन बंद पडला. तू पुढे काय बोललीस ते ऐकायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

मी कुणाला काही सांगू शकले नाही. तोंड उघडलं तर नुसतं रडू आलं. नेमेसियाला वाटलं वाईट बातमी आहे, तीही रडायला लागली. शेवटी डेलियानेच पोरीला वर उचलून सगळ्यांना ओरडून सांगितलं. कासियानोने तुला माफ केलं, त्याने तसं लिहायला सांगितलंय.

गेल्या वर्षीच्या फवारणीने जुन्या बाहुल्या रंग उडून पांढऱ्या पडल्यात. डेलियाने बाळाची पहिली टोपी त्यांच्याशेजारी ठेवली.

आता एक काम आहे तुझ्याकडे. ते लाल अवायो विरत आलंय, पोरगी वजनदार आहे, गाठीला फाटेल. नवीन विणून पाठव. रंग तुझ्या मनाला येईल तो. बदकं घाल.

आणि एक उलटं ठेव. विसरू नकोस.

बेनी